सायकल प्रवासासाठी चाकाच्या मापाची निवड

सायकल प्रवासासाठी चाकाच्या मापाची निवड म्हणजे सामान लादून अनेक दिवस चालवायच्या सायकलीला किती व्यासाचे चाक व किती रुंद टायर असावा, याचा निर्णय. मुक्कामी सायकल प्रवासात प्रवासी आपले कपडे, तंबू, अवजारे, पाणी व शिधा कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत वाहून नेतो. हे ओझे बहुधा १५ ते २५ किलो भरते आणि त्याचा मोठा वाटा मागच्या चाकावर येतो. त्यामुळे चाकाची मजबुती, रस्त्यावरील खड्डे, घाटातील चढ आणि वाटेत टायर-ट्यूब मिळण्याची शक्यता या चार गोष्टी मापाशी थेट जोडलेल्या असतात. सध्या प्रवासी सायकलींत ६२२, ५८४ आणि ५५९ मिलिमीटर ही मापे प्रामुख्याने वापरली जातात. घडीच्या सायकलींत ४०६ व ३४९ मिमी ही मापे आढळतात. भारतातील पारंपरिक काळ्या सायकलीचे माप यांपैकी कोणतेच नसून ते ६३५ मिमी आहे. या एका फरकामुळे भारतात प्रवास करणाऱ्यासमोर जी अडचण उभी राहते, तिची चर्चा युरोपीय मार्गदर्शक पुस्तकांत सहसा आढळत नाही.

प्रस्तुत लेखात उदाहरणासाठी ठाणे जिल्ह्यातील भिवंडी आणि तेथून निघणारे मार्ग घेतले आहेत.

मापाची भाषा

टायरवर छापलेले ‘२६’ किंवा ‘२८’ हे इंचांतील आकडे मूळच्या टायरचा अंदाजे बाह्य व्यास सांगतात. टायरची कड रिमवर जेथे बसते तेथील व्यास त्यांवरून कळत नाही, आणि टायर बसेल की नाही हे तर त्याच व्यासावर ठरते. ‘२६ इंची’ या एकाच नावाखाली ५५९, ५७१, ५८४, ५९० आणि ५९७ मिमी असे पाच निरनिराळे व्यास प्रचारात आले. ‘२८ इंची’ म्हणवणाऱ्या टायरांत ६२२, ६३५ व ६४२ हे तीन व्यास आढळतात. अपूर्णांकात लिहिलेले माप आणि दशांशात लिहिलेले माप गणिताने सारखे असले तरी टायर सारखे असतातच असे नाही. ‘२६ × १.७५’ हा टायर ५५९ मिमीच्या रिमसाठी असतो, तर ‘२६ × १ ३/४’ हा ५७१ मिमीच्या रिमसाठी.

फ्रान्समध्ये बाह्य व्यास मिलिमीटरमध्ये आणि त्यापुढे टायरच्या जाडीनुसार अक्षर अशी वेगळी पद्धत रुजली. ‘७००सी’ आणि ‘६५०बी’ ही आजही कानावर पडणारी नावे त्या पद्धतीतील आहेत. ७००सी म्हणजे ६२२ मिमी, तर ६५०बी म्हणजे ५८४ मिमी. पर्वतीय सायकलींच्या व्यापारात याच ६२२ मिमीच्या चाकाला ‘२९ इंची’ आणि ५८४ मिमीच्या चाकाला ‘२७.५ इंची’ म्हणतात. ही नावे गेल्या दोन-तीन दशकांत रूढ झाली आणि त्यांनी आधीच्या गोंधळात भरच घातली.

या गोंधळावरचा उपाय आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. त्यानुसार टायरच्या बाजूवर ‘४०-६२२’ अशी जोडी छापलेली असते. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा रिमच्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. पहिल्यात थोडे कमी-जास्त चालते. प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या टायरवरील ही जोडी वहीत टिपून ठेवणे हिताचे असते, कारण टायर फाटल्यावर अक्षरे वाचता येतीलच असे नाही.

जवळची मापे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ६२२ च्या रिमवर ६३५ चा टायर सहज चढतो, पण तो सैल बसतो आणि हवा भरताच कड रिमबाहेर निसटून ट्यूब फुटू शकते. ५८४ च्या रिमवर ५९० चा टायर चढवला तरी हाच धोका असतो. उतारावर पुढच्या चाकाचा टायर असा निसटला तर जिवावर बेतते. उलट दिशेने, म्हणजे मोठ्या रिमवर लहान टायर चढवता येत नाही, एवढीच सुरक्षितता. ट्यूब रबराची असल्याने ताणली जाते, म्हणून ६३५ ची ट्यूब ६२२ च्या टायरमध्ये किंवा ५५९ ची ५८४ च्या टायरमध्ये अडचणीच्या वेळी चालून जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

उंच चाकाच्या सायकलीच्या काळात मापाची निवड हा प्रश्नच नव्हता. पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असल्याने ज्याचे पाय जेवढे लांब तेवढे त्याचे चाक मोठे. टॉमस स्टीव्हन्स हा १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ५० इंची चाकाच्या सायकलीवर निघाला आणि १८८६ च्या अखेरीस जपानमधील योकोहामा येथे पोहोचला. या प्रवासात तो ग्रँड ट्रंक मार्गाने उत्तर भारतातूनही गेला होता. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने चेनने चालणारी, दोन जवळजवळ सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल आणली. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. यानंतर चाकाचा व्यास पायाच्या लांबीपासून मोकळा झाला आणि २६ ते २८ इंचांच्या आसपास स्थिरावला.

महाराष्ट्रातील दीर्घ सायकल प्रवासाचा इतिहास मुंबईच्या पारशी तरुणांपासून मांडला जातो. १९२३ मध्ये सहा जणांचा एक गट मुंबईहून जगप्रदक्षिणेसाठी निघाला. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. वाटेत पक्के रस्ते थोडे आणि वाळवंटे, जंगले व चिखलवाटा अधिक, अशी त्या काळची स्थिती होती.

५५९ मिमीचे चाक अमेरिकेत १९३० च्या दशकात जाड ‘बलून’ टायरसोबत लोकप्रिय झाले. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील हौशी तरुणांनी डोंगरउतारावर पळवण्यासाठी याच जुन्या जाड टायरांच्या सायकली वापरल्या, आणि त्यातून पर्वतीय सायकल जन्मली. ती जगभर पसरल्यामुळे आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील लहान गावांतही ५५९ चे टायर मिळू लागले. मोहिमेवर निघणाऱ्यांनी २६ इंची चाकच घ्यावे हा सल्ला तेव्हाचा आहे. सुमारे २०१२ नंतर महागड्या पर्वतीय सायकली ५८४ व ६२२ मापांकडे वळल्या. ५५९ चे उत्तम प्रतीचे टायर तेव्हापासून कमी होत गेले असले, तरी साध्या टायरांचा पुरवठा टिकून आहे. त्यामुळे हा जुना सल्ला आज अर्धाच खरा म्हणावा लागेल.

भारतात रुळलेली मापे

भारतीय काळ्या सायकलीचा टायर ‘२८ × १ १/२’, म्हणजे ४०-६३५ या मापाचा असतो. हा ब्रिटिश रोडस्टर सायकलीचा वारसा आहे. १९५१ मध्ये सोनिपत येथे स्थापन झालेल्या अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियानात सुरू झालेल्या हीरो या कंपन्यांनी तोच घाट पुढे चालवला. या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० स्पोक असतात, आणि तिचे ब्रेक सळयांनी ओढले जाऊन रिमला आतल्या बाजूने लागतात. दुधाचे कॅन, पावाच्या टोपल्या, गॅसची टाकी वा कापडाचे गठ्ठे वाहण्यासाठी ती घडलेली आहे. मागच्या चाकाला ४० स्पोक का, याचे उत्तर तिच्या कॅरिअरकडे पाहिले की मिळते.

‘२६ × १ ३/८’ (५९० मिमी) हे माप एसएलआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हलक्या सायकलींत व अनेक लेडीज सायकलींत असते. मुलांच्या व तरुणांच्या स्वस्त पर्वतीय सायकलींमुळे ५५९ मिमी सर्वत्र पोहोचले. शहरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत गिअरच्या सायकलींची दुकाने वाढली आणि तेथे ७००सी, २७.५ व २९ इंची टायर मिळतात. तालुक्याच्या बाजारातील किंवा हमरस्त्यावरच्या पंक्चरच्या टपरीत मात्र ६३५, ५९० आणि ५५९ यांचेच राज्य असते.

एखाद्या प्रवाशाचा ७००सी टायर वाड्याच्या पुढे फाटला आणि दुकानदाराने ‘अठ्ठावीस इंची आहे’ म्हणून टायर काढून दिला, तर तो जवळजवळ नक्की ६३५ चा असतो. दुकानदार चुकीचे बोलत नाही, त्याच्या जगात अठ्ठावीस इंची एकच आहे. म्हणून ६२२ वा ५८४ चाकाने लांबचा प्रवास करणाऱ्याने घडी होणारा एक जादा टायर बरोबर ठेवावा. अशा टायरच्या कडेत पोलादी तारेऐवजी लवचीक धागा असल्याने तो पिशवीत मावतो. ५५९ वाल्याला त्याची गरज क्वचितच पडते.

खड्डा, व्यास आणि रुंदी

मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते असे म्हणतात. ते किती सहज जाते, याचे गणित करता येते. १५० मिमी रुंदीच्या आडव्या चरावरून चाक जाताना ते चरात किती खाली उतरेल, हे त्याच्या त्रिज्येवर अवलंबून असते. ४०-६२२ टायरचे चाक सुमारे ८.१ मिमी उतरते, ५०-५५९ चे सुमारे ८.७ मिमी, ५०-४०६ चे ११.४ मिमी आणि ३५-३४९ चे जवळजवळ १४ मिमी. पहिल्या दोघांतील फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे टायरच्या रबरात जिरून जाणारा आहे. घडीच्या सायकलीचा फरक मात्र मनगटांना जाणवतो.

यावरून २६ आणि २८ इंचांच्या वादात जेवढी शाई खर्ची पडते तेवढी टायरच्या रुंदीवर पडायला हवी, असे दिसते. रुंद टायरमध्ये कमी दाबाने हवा भरता येते. सामानासह २८ मिमीच्या टायरला ८० पीएसआयच्या पुढे दाब लागतो, तर ५० मिमीच्या टायरला ४० ते ५० पीएसआय पुरतो. कमी दाबाचा टायर खडीवर दबतो व धक्का गिळतो. अरुंद टायरमध्ये हवा कमी पडली तर खड्ड्याच्या कडेवर रिम आपटून ट्यूब दोन्ही बाजूंनी चिमटली जाते आणि तिला दोन समांतर चिरा पडतात. अशा ट्यूबवर एक पॅच पुरत नाही. प्रवासी सायकलीसाठी ६२२ मिमी चाकावर ३५ ते ४७ मिमी, ५८४ वर ४२ ते ५५ मिमी आणि ५५९ वर ४४ ते ५५ मिमी या रुंदीचे टायर योग्य मानले जातात. मात्र टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा उरली पाहिजे. कोकणातल्या लाल चिखलात ही जागा कमी पडली, तर चाक फिरायचेच थांबते.

भिवंडीहून निघणारे मार्ग

भिवंडी हे यंत्रमागांचे आणि अलीकडच्या काळात गोदामांचे शहर आहे. त्यामुळे येथील रस्त्यांवर कंटेनर व मालमोटारींची रहदारी अहोरात्र असते. मुंबई–आग्रा महामार्ग भिवंडीजवळून पडघा, शहापूर, कसारा, इगतपुरीमार्गे नाशिककडे जातो. भिवंडी ते नाशिक अंतर सुमारे १३० किमी आहे. अंबाडीवरून एक रस्ता वाड्याकडे जातो, तर एक वज्रेश्वरी व गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे. अंजूर फाट्याहून चिंचोटीकडे जाणारा रस्ता वसईच्या बाजूला निघतो. कोनगावमार्गे कल्याण गाठून पुढे मुरबाड व माळशेज घाटाने जुन्नर तालुक्यात जाता येते. समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातील आमणे येथे संपतो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, परंतु त्यावर दुचाकींना व सायकलींना मज्जाव असल्याने सायकलस्वाराला जुना महामार्गच धरावा लागतो.

या मार्गांवर टायरची परीक्षा तीन प्रकारांनी होते. पहिला प्रकार मालमोटारींच्या फुटलेल्या टायरांचा. त्यांतील केसासारख्या पोलादी तारा रस्त्याच्या कडेला विखुरलेल्या असतात, आणि सायकलस्वाराला नेमके तिथूनच जावे लागते. ही तार टायरमध्ये घुसून दिसेनाशी होते. पंक्चर काढून ट्यूब परत घातली की दोन किलोमीटरवर पुन्हा हवा जाते, म्हणून ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापड फिरवून तार शोधावी लागते. येथे व्यासाचा काहीच संबंध नाही, संरक्षक पट्टा असलेला टायर उपयोगी पडतो. दुसरा प्रकार काँक्रीट रस्त्यांचा. दोन पट्ट्यांमधील लांबट फट आणि पेव्हर ब्लॉकच्या सांधीत २५–२८ मिमीचा टायर अडकून स्वार पडू शकतो, चाळीसच्या पुढचा टायर सहसा अडकत नाही. तिसरा प्रकार पावसाळ्यातील पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यांचा. वाडा रस्त्यावरील अवजड रहदारीमुळे असे खड्डे खोल असू शकतात, आणि मागून कंटेनर येत असताना खड्डा चुकवायला वळणे हे खड्ड्यात जाण्यापेक्षा अधिक घातक असते. चाक खड्डा सोसू शकेल असे असेल तर सरळ रेषेत राहण्याचा पर्याय स्वाराच्या हाती उरतो. या भागात रुंद टायर व भक्कम चाक घेण्यामागचे सर्वांत महत्त्वाचे कारण हेच म्हणता येईल.

घाटाचा हिशोब वेगळा आहे. भिवंडी समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर, तर इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. चढातला मोठा भाग कसाऱ्याच्या पुढे थळ घाटात येतो. पुढे २२ दात्यांचे आणि मागे ३२ दात्यांचे चक्र असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात ४०-६२२ चाकाची सायकल सुमारे १.५२ मीटर पुढे जाते, ५०-५५९ ची सुमारे १.४२ मीटर. म्हणजे लहान चाक घाटात सहा-सात टक्के हलका गिअर फुकट देते. सपाटीवर तेवढाच वेग कमी मिळतो, पण ओझे लादलेल्या प्रवाशाला सपाटीवरच्या वेगाची फारशी ददात नसते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायच्या ब्रेव्हेसारख्या उपक्रमांत मात्र सामान नसते आणि घड्याळ असते. तेथे ६२२ वर २८ ते ३२ मिमीचा टायर हीच सर्वसाधारण निवड असते.

स्वाराची उंची

चाक सायकलीला शोभावे तसे स्वारालाही बेतावे लागते. ठेंगण्या स्वारासाठी लहान फ्रेमवर ६२२ ची चाके बसवली की वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला किंवा मडगार्डला घासतो. हे टाळण्यासाठी उत्पादक फ्रेमची भूमिती ओढूनताणून बदलतात आणि सायकल हाताला जड लागते. सुमारे १६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंची असल्यास ५८४ किंवा ५५९ ची चाके अधिक सुटसुटीत ठरतात. भारतीय बाजारात बहुतेक गिअरच्या सायकली उंच पुरुषाला गृहीत धरून मांडलेल्या दिसतात, आणि त्यामुळे अनेक स्त्रिया व बुटके पुरुष नाइलाजाने मोठी चाके चालवतात.

स्पोक, ब्रेक आणि व्हॉल्व्ह

समान स्पोकसंख्येत लहान चाक बाजूच्या ताणाला अधिक टिकते, कारण त्याचे स्पोक आखूड असतात. तरीही ३६ स्पोकचे नीट ताणलेले ६२२ चाक भरल्या सामानासह हजारो किलोमीटर चालते. २० किंवा २४ स्पोकची शोभिवंत चाके ओझ्यासाठी नसतात. आपल्या चाकाच्या लांबीचे चार-पाच स्पोक बरोबर बाळगावेत, कारण लांबी रिम व हबनुसार बदलते आणि वाटेत ती जुळेलच असे नाही.

रिमवर लागणारे ब्रेक असतील तर सायकलीच्या चाकाचा व्यास कायमचा ठरून जातो. डिस्क ब्रेक असतील तर बदल शक्य असतो. ३२-६२२ चाकाचा बाह्य व्यास सुमारे ६८६ मिमी आणि ५०-५८४ चा सुमारे ६८४ मिमी भरतो. त्यामुळे फ्रेममध्ये रुंदीला जागा असल्यास एकाच सायकलीला डांबरी रस्त्यासाठी एक आणि खडीच्या वाटेसाठी दुसरी चाकांची जोडी वापरता येते, व सायकलीची उंची बदलत नाही.

व्हॉल्व्हचा प्रश्न मापाइतकाच व्यवहारी आहे. काळ्या सायकलीत रबरी नळीचा डनलॉप व्हॉल्व्ह असतो. श्रेडर व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखाच असल्याने त्यात महामार्गावरील कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला पितळी अ‍ॅडॉप्टर लागतो. तो वाटाण्याएवढा असतो आणि हरवतोही सहज, म्हणून दोन ठेवावेत. प्रेस्टासाठी पाडलेल्या रिमच्या ६.५ मिमीच्या भोकातून श्रेडर व्हॉल्व्हची ट्यूब जात नाही, ही गोष्ट पुष्कळदा दुकानात उभे राहिल्यावरच कळते.

लहान चाके आणि रेल्वे

४०६ व ३४९ मिमीच्या घडीच्या सायकली खराब रस्त्यावर धक्के देतात, हे वरील हिशोबावरून दिसते. त्यांच्या टायरचा घेर लहान असल्याने तो तेवढ्याच अंतरात अधिक फेरे करतो आणि लवकर झिजतो. तरीही मुंबई परिसरात त्यांना एक जागा आहे. घडी केलेली सायकल कमी गर्दीच्या वेळी सामान म्हणून लोकलमध्ये नेता येते. भिवंडीकराने कल्याण गाठून कसारा लोकल पकडली, की महामार्गावरील सर्वांत वर्दळीचा पट्टा टळतो आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून पुढचा प्रवास सुरू करता येतो. ४०६ मिमीचा टायर लहान मुलांच्या वीस इंची सायकलीत चालत असल्याने तो जवळपास कोणत्याही बाजारात सापडतो. मात्र वीस इंची नावाखाली ४५१ मिमीचाही एक टायर असतो, तेव्हा इथेही टायरवरची जोडी वाचूनच तो विकत घ्यावा.